“राज्यांनी कळवलेले नाही” असं उत्तर आलं, तर न कळवणारं कोण?

आशाताई_यवतमाळ :

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी आशा कार्यकर्ती आहे. माझं माहेर अन् सासर एकाच गावात. लिहायची सवय रजिस्टरापुरती, मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझी भाची बारावीला आहे. राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिनं विषय घेतला, कोरोनाच्या काळात विरोधी पक्षानं मंत्र्यांना काय काय विचारलं. परवा संध्याकाळी मी चुलीपाशी भाकरी टाकत होती आणि ती मोबाईलमधून मोठ्यानं वाचून दाखवत होती. २० जुलै २०२१, राज्यसभा. काँग्रेसचे खासदार के. सी. वेणुगोपाल यांचा प्रश्न होता की दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी रस्त्यावर आणि दवाखान्यांत मोठ्या संख्येनं रुग्ण गेले, हे खरं आहे काय. आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांचं लेखी उत्तर असं, की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यू कसे कळवायचे याच्या सूचना राज्यांना दिलेल्या आहेत, त्याप्रमाणे राज्यं नियमित कळवतात, मात्र ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी वेगळं असं कळवलेलं नाही.

वाचून झालं अन् पोरगी गप्प बसली. मग म्हणे, “आत्या, मंग बाबा कायनं गेले?”

तिचे बाबा म्हणजे माझा मोठा भाऊ. दादाला एप्रिल २०२१ च्या शेवटी ताप आला. ऑक्सिमीटर मीच लावलं. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ च्या वेळचं तेच मशीन, ज्यानं आदल्या वर्षी मी अख्ख्या गावाची बोटं तपासली होती. ८१ आलं. मशीन बिघडलं म्हणून मी आपल्या बोटाला लावून पाह्यलं, ९७. तेव्हा समजलं. त्याच दिवशी सेंटरात भरती केलं. कोणतं सेंटर ते इथं लिहीत नाही. दोन दिवस ऑक्सिजनवर बरा होता. फोनवर विचारत होता, तुरीचे पैसे जमा झाले का. तिसऱ्या रात्री अडीच वाजता वहिनीचा फोन, सिलिंडर संपलं, दुसरं रस्त्यात आहे म्हणतात. दादा चारच्या आसपास गेला. गाडी आली तेव्हा उजाडत होतं. तिथली नर्स पोरगी वहिनीच्या गळ्यात पडून रडली. तिचा काही दोष होता असं मी कधीच म्हणणार नाही, ती तीन रात्री झोपली नव्हती.

आता ज्यासाठी लिहून राहिली ते. आठेक दिवसांनी गावातल्या कोरोना मृत्यूंची यादी मागितली गेली. भरणारी मीच. रकाने होते नाव, वय, तपासणीची तारीख, भरती कधी, मृत्यू कधी, इतर आजार. दादाच्या ‘इतर आजार’ मध्ये मी ‘बीपी’ लिहिलं, कारण बीपी होतं. सिलिंडर लिहायला रकाना नव्हता. कडेला लिहायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी लिहायची हिंमत झाली असती का, ठाऊक नाही. अन् तिकडं दिल्लीत मंत्री म्हणतात, कळवलेलं नाही. म्हणजे न कळवणारी मी झाली का?

मला विचारायचं आहे की अशी उत्तरं बसून लिहितं कोण? विरोधी खासदारानं विचारलेल्या प्रश्नाला असं उत्तर देऊन मोकळं होता येतं का? आणि आता इतक्या वर्षांनी तोच प्रश्न कोणी पुन्हा विचारू शकते का?

आणखी एक. माझे चुलत सासरे म्हणतात, “विरोधकाईचं कामच बोंबलाचं. इकडं माणसं मरून राहिले होते, अन् ते प्रश्न इचारून राहिले होते. संकटात सरकारले काम करू द्या लागते.” मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. पण पटलंही नाही.

निवृत्त_लिपिक_वाशीम :

ताई, सर्वांत आधी हे मनातून काढा की तुम्ही कळवलं नाही. रकाना वरून येतो. खालच्या माणसानं तो भरायचा असतो, आखायचा नसतो.

मी एकतीस वर्षं आरोग्य विभागाच्या आस्थापनेवर काढली. अधिवेशन लागलं की आमच्याकडं शब्द एकच, “एलएक्यू आला.” म्हणजे विधानसभेतला प्रश्न आला. रजा बंद. दुपारी चारला फोन, माहिती संध्याकाळी सहापर्यंत मेल करा. आमदाराचा तारांकित प्रश्न विधानभवनातून मंत्रालयात जातो, तिथल्या कक्ष अधिकाऱ्याकडून संचालनालयात, तिथून जिल्हा शल्य चिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर. ते फोन करतात आशाताईला. उत्तर त्याच पायऱ्यांनी वर चढतं, आणि प्रत्येक पायरीवर त्यातला एकेक शब्द गळतो. “सिलिंडर अडीच वाजता संपले, पुढचे पाच वाजता आले” हे खालून निघतं. तालुक्यात त्याचं “पुरवठ्यात काही काळ अडचण” होतं. जिल्ह्यात “पर्यायी व्यवस्था करण्यात आली” होतं. मंत्र्यांच्या हातात जातं ते “पुरेसा साठा उपलब्ध होता.” खोटं कोणीच लिहिलेलं नसतं. मी स्वतः अशी वाक्यं सफाईनं लिहिली आहेत, आणि तुमची पोस्ट वाचून कालपासून ती एकेक आठवत आहेत.

आता दिल्लीचं. तिथं तर खालपर्यंत यायचीही गरज पडली नाही. रोजचे आकडे राज्यांकडून जातच होते, बाधित किती, बरे किती, मृत्यू किती. उत्तर त्या कळवण्यावर बेतलेलं. त्या नोंदीत ऑक्सिजन नाही, म्हणून उत्तरातही नाही. त्याच उत्तरात पुढं असंही आहे की पहिल्या लाटेत ऑक्सिजनची मागणी ३०९५ टनांपर्यंत गेली होती, ती दुसऱ्या लाटेत ९००० टनांच्या घरात पोचली. म्हणजे मागणी तिप्पट झाली हे कागदावर आहे आणि त्यामुळं कोण गेलं हे नाही.

असंच १४ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत झालं होतं. टाळेबंदीत घरी परतताना किती मजूर दगावले, असं विचारलं. कामगार मंत्रालयाचं उत्तर, अशी माहिती ठेवली जात नाही. मग भरपाई दिली का? तर वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. आपल्याकडं विधानमंडळाच्या यादीतही हेच शब्द असतात, “प्रश्न उद्भवत नाही.” नोकरीत मी ते शेकडो वेळा टंकले. पांढरकवड्याच्या हायवेनं हैदराबादकडून चालत आलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली, त्यांना पाणी दिलं. त्यांच्याबद्दल हे शब्द वाचले तेव्हा मी पेपर घडी करून ठेवला.

त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, महामारीचं कारण देऊन रद्द केला होता. तृणमूलचे डेरेक ओब्रायन यांच्यासह विरोधकांनी त्यावर आवाज उठवला, तेव्हा लेखी प्रश्न तेवढे ठेवले. फरक काय पडतो? तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि सदस्याला लगेच पूरक प्रश्न विचारता येतो, “राज्यांनी कळवलं नाही म्हणता, तर तुम्ही राज्यांना विचारलं का?” लेखी उत्तराला ती सोय नाही. कागद येतो आणि विषय मिटतो.

पण तुमच्या सासऱ्यांना हे नक्की सांगा. त्या २० जुलैच्या उत्तरावर देशभर गदारोळ झाला, वेणुगोपाल यांनी हक्कभंग मांडण्याचं जाहीर केलं, आणि त्यानंतर त्याच महिन्यात केंद्रानं राज्यांना खास पत्र पाठवून ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची माहिती मागवली. म्हणजे रकाना तयार झाला तो प्रश्नानंतर. प्रश्न आला नसता, तर ती माहिती मागणारं एक पत्रसुद्धा सुटलं नसतं.

कास्तकार_दर्यापूर :

लिपिक काका, तुमचं सारं खरं. पण त्या पत्राचं झालं काय तेही सांगा ना. डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री मांडविया साहेबांनी सांगितलं की १९ राज्यांनी उत्तर दिलं, अन् त्यातल्या एकट्या पंजाबनं चार संशयित मृत्यू कळवले. चार! अन् आपल्या राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री टोपे साहेब, त्याईनंही जुलैतच सांगितलं होतं की महाराष्ट्रात ऑक्सिजनच्या तुटवड्यानं कोणी गेलं नाही. नाशिकला २१ एप्रिलला टाकी गळली अन् बावीस माणसं गेली, तो अपघात. मान्य, अपघात. पण ताईचा भाऊ कशात मोडते?

माहं म्हणणं हे हाये. दिल्लीत काँग्रेस विरोधात होती, तीच मुंबईत सत्तेत होती. मुंबईत भाजप विरोधात, दिल्लीत सत्तेत. जो इकडं इचारते तो तिकडं लपवते. म्हणून आमच्या गावात कोणाले विरोधी पक्षाच्या प्रश्नाचा भरोसा राह्यला नाही. ताईच्या सासऱ्याईले मी दोष देणार नाही.

अन् आमचं दुःख त्याच्याही अल्याड हाये. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्य खुलं होतं तेव्हा आमचा अमरावती जिल्हा बंद झाला होता. दुसरी लाट आमच्यापासून सुरू झाली. अन् २०२० अन् २०२१, दोनही साल नागपुराले अधिवेशन झालं नाही. नागपूर करारात दरसाल एक अधिवेशन नागपुराले हाये. डिसेंबर २०२० चं मुंबईत, तेही दोन दिवसाचं. जुलै २०२१ चं पुन्हा दोन दिवसाचं. दोन दिवसात कोण्या कास्तकाराचा नंबर लागते? मी सोयाबीनच्या भावासाठी तीन वेळा मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर मोर्च्यात बसलो हावो. मंत्री नाही भेटला तरी आमदार भेटते, निवेदनावर सही घेते, दुसऱ्या दिवशी त्यातलं एखादं वाक्य सभागृहात येते. मी कानानं ऐकलं हाये. मुंबईले कोण जाईन? ज्या दोन वर्षात इचारायची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच दोन वर्षात आमचं दार बंद होतं.

आशाताई_यवतमाळ :

दर्यापूरचे भाऊ, तुम्ही लिहिलेलं सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणे, “हा माणूस बरोबर बोलते.” मग काकांचं रकान्याचं वाचलं, तर बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणे, “पत्र तर धाडलं ना पण त्याईनं.”

भरोशाचं म्हणता ते मला समजते. पण मी दुसरं पाहते. आम्ही आशा जून २०२१ मध्ये संपावर गेलो होतो. एका हजार रुपयाच्या कोविड भत्त्यात पीपीई किट नाही, मास्क घरच्या ओढणीचा. तेव्हा आमच्याबद्दल जो कोणी बोलत होता, तो कोणत्या पक्षाचा हे मी पाह्यलं नाही. विचारणाऱ्याच्या मनात काय आहे ते त्याच्यापाशी. मला त्याच्या तोंडून निघालेला प्रश्न पाहिजे. राजदचे मनोज झा त्याच २० जुलैला राज्यसभेत बोलले ते भाचीनं मला लावून दाखवलं. ज्यांची प्रेतं गंगेत वाहत होती त्यांची आपण सगळ्यांनी मिळून माफी मागावी, असं ते म्हणाले. त्यात त्यांनी सगळ्यांना धरलं, स्वतःलाही. वहिनी भांडे घासता घासता थांबली होती. दादा गेल्यावर आमच्याकडं माफी मागायला कोणी आलं नव्हतं. त्या दिवशी कोणीतरी मागितली असं तिला वाटलं असेल. मी विचारलं नाही.

पिकअप_चालक :

नमस्कार ताई. मी कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. पण हे वाचून राहावलं नाही.

एप्रिल २०२१ मध्ये तीन आठवडे माह्या पिकअपमध्ये सिलिंडरशिवाय दुसरं काही भरलं नाही. जम्बो सिलिंडरात सात घनमीटर गॅस असते, म्हणजे सात हजार लिटर. पेशंटले मिनिटाले दहा लिटर लावला तं एक सिलिंडर साडेअकरा तास पुरते. पंधरावर नेला तं पावणेआठ तास. हाय फ्लो मशीनवर साठ लिटर, दोन तासही नाही. हा हिशोब मले तोंडपाठ झाला होता, कारण गाडी रांगेत उभी असली की मी तोच करत राहायचो. प्लांटच्या गेटासमोर एका रात्री मी नऊ तास उभा होतो. टँकर यायचा होता. टँकर आला की भरणं सुरू, मंग नंबर, मंग सत्तर-ऐंशी किलोमीटर परत. तिकडं दवाखान्यातून फोनावर फोन.

म्हणून सांगतो, “ऑक्सिजन कमी होता काय” असं इचारलं तं उत्तर “नाही” च येईन. जिल्ह्याचा कोटा कागदावर पूर्ण असे. गॅस होता, पण तो माह्या गाडीत होता, पेशंटच्या नाकात नव्हता. तुमी वेळ इचारा. माह्या गाडीची वेळ गेटावरच्या रजिस्टरात लिहिली जाये, आत जायची अन् बाहेर यायचीही. सेंटरावर उतरवतानाही चलनावर सही अन् वेळ. ते कागद कुठंतरी असतीनच.

तुमच्या दादाची गाडी माही नव्हती, मी तुमच्या बाजूले येत नव्हतो. पण असीच कोणाची तरी होती. तो ड्रायव्हर पण इसरला नसन.

मूर्तिजापूरकर :

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. भाचीला एक मुद्दा प्रकल्पात घालायला सांगा. ५ जुलै २०२१ ला सभागृहातल्या गोंधळावरून भाजपचे बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. त्यात आपल्या विदर्भातले तीन होते, आमच्या मूर्तिजापूरचे, जळगाव जामोदचे आणि चिमूरचे. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं ते निलंबन रद्द केलं. एका अधिवेशनापलीकडं असं निलंबन घटनाबाह्य आहे, असा निकाल दिला. मी त्या पक्षाची मतदार नाही. पण दुसरी लाट नुकतीच ओसरली होती, आणि माझ्या मतदारसंघातून सभागृहात प्रश्न विचारायला माणूसच नव्हता. ज्यांना मी मत दिलं नव्हतं, त्यांची खुर्ची रिकामी राहिली तेव्हा माझंच काहीतरी गेलं असं वाटलं.

दुसरं, पन्नास हजारांची मदत मिळाली का? ३० जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं कोरोनानं गेलेल्यांच्या कुटुंबांना सानुग्रह मदत द्यायचा आदेश दिला, आणि पुढं ती ५० हजार ठरली. तपासणीपासून ३० दिवसांत झालेला मृत्यू त्यात धरला जात होता.

आणि ते चलन, रजिस्टर माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांची मुदत. भाचीलाच अर्ज लिहू द्या.

आशाताई_यवतमाळ :

मॅडम, पन्नास हजार मिळाले. वहिनीनं त्यातून भाचीची फी भरली, उरलेले विहिरीच्या मोटारीला लागले. त्या अर्जातही मृत्यूचं कारण ‘कोविड’ एवढंच होतं.

पिकअपवाले भाऊ, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. दादा गेला तेव्हापासून माझ्या डोळ्यासमोर नुसतं रिकामं सिलिंडर येत होतं. त्याच्यामागं रस्त्यात एक गाडी होती अन् तिच्यात माणूस होता, हे कधी मनातच आलं नव्हतं.

आमचे आमदार सध्या विरोधात आहेत का सत्तेत, त्याची मी चिंता सोडली. दोघांनाही देईन, आमचे आणि शेजारच्या मतदारसंघाचे. काल रात्री भाची अन् मी मिळून प्रश्न लिहिला. लिपिक काका, तुमच्या कचेरीतल्या भाषेत बसते का पाहा :

“सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) एप्रिल व मे २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील कोविड केंद्रांमध्ये ऑक्सिजन सिलिंडरची कमतरता निर्माण होऊन रुग्ण दगावले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, (३) मृत्यूच्या नोंदीत यासाठी रकाना होता काय, (४) नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?”

तिसरा भाचीनं घातला. मला वाटलं जास्त होईल. ती म्हणे, राहू दे आत्या.

निवृत्त_लिपिक_वाशीम :

तिसरा अजिबात काढू नका. माझ्या सगळ्या नोकरीत असा प्रश्न आमच्या टेबलावर आला नाही. आला असता तर त्यावर “प्रश्न उद्भवत नाही” असं टंकता आलं नसतं.

पहिला बदला. “कमतरता” शब्द काढून टाका, त्याला तयार उत्तर आहे. पिकअपवाल्या भाऊंनी सांगितलंय तसं लिहा. “कोणत्या केंद्रात कोणत्या दिवशी सिलिंडर किती वाजता संपले व पुढील सिलिंडर किती वाजता पोहोचले, दरम्यानच्या काळात त्या केंद्रात किती रुग्णांचा मृत्यू झाला.” याला “नाही” असं उत्तर देता येत नाही, तास आणि मिनिटं लिहावी लागतात. जुने कागद नष्ट केले असं उत्तर आलं, तर कोणत्या आदेशानं आणि कोणत्या तारखेला, हा पूरक प्रश्न आमदारांना चिठ्ठीवर वेगळा लिहून द्या.

प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात. हिवाळी अधिवेशनात यायला हवा असेल तर दिवाळीपर्यंत थांबू नका. टंकून मी देतो. मंगळवारी यवतमाळला येणं आहे, बसस्टँडवर अकरा वाजता भेटतो. भाचीला सोबत आणा.